मधल्या ओळीतला गहू

ठकूकाकी दिवसाला सातशे ते आठशे फुलं उघडायची.

नारायणगावजवळ एका बियाणे कंपनीचा टोमॅटोचा प्लॉट होता. आमच्या निरगुडसरहून बायकांची जीप भरून जायची. त्या कामाला बायका क्रॉसिंग म्हणत. उमलायच्या आदल्या दिवशी कळी चिमट्याने उघडायची. आतला नराचा भाग उपटायचा, मादीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचे पराग त्या मादीला टेकवायचे. मग बाहेरच्या हिरव्या पाकळ्या कातरून खूण ठेवायची. ठकूकाकी हे अकरा वर्षं करत होती. ती चौथीपर्यंत शिकली होती.

मी सत्त्याण्णवला मराठी घेऊन बी.ए. झालो आणि गावात परत आलो. स्टँडजवळ एसटीडी बूथ चालवायचो. जीप तिथेच थांबायची. जीप येईपर्यंत ठकूकाकी माझ्या बाकावर बसायची. ती मला भरत म्हणायची नाही.

"काय रं बीए, आज कुठलं पुस्तक?"

मी सांगायचो. ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "आन् शेवटी काय व्हतं त्याचं?" शेवट सांगेपर्यंत ती जीपमध्ये चढत नसे. अशी आमची मैत्री झाली. ती तेव्हा अडतीस वर्षांची होती, मी बावीसचा.

तिच्या घरचं कालव्याखाली तीस गुंठे रान होतं, आणि वरच्या अंगाला, घरामागे, पाच-सहा गुंठे चांगली माती. कालवा आला, बारमाही पाणी आलं, ऊस आला. पाणी प्रमाणाबाहेर पाजलं गेलं. सहा-सात वर्षांत जमिनीच्या पोटातलं मीठ वर आलं. आधी उसाची पानं पिवळी पडली. मग लोकवन गहू करपला. फेब्रुवारीत सकाळी पाहिलं तर रान पांढरं दिसायचं. चप्पल घातलेल्या पायाखाली करकर वाजायचं.

हे रान तिचा नवरा हौशीराम आणि धाकटा दीर सावळाराम या दोघांचं होतं. हौशीराम दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता, बहुतेक वेळ रस्त्यावर. शेतीचं सावळाराम पाहायचा. त्याला तिथे पोल्ट्री घालायची होती. तीन हजार कोंबड्या, खाली सिमेंटचा कोबा.

"वहिनी, ह्या रानात आता कोंबड्याच पिकतील," तो म्हणाला.

"कोंबडी पिकत न्हाई, भाऊजी. कोंबडी वाढती."

"मग गहू तरी कुठं पिकतोय?"

दुसऱ्या सकाळी ती माझ्या बाकावर बसून म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवा पयल्या चपात्या ह्याच रानातल्या गव्हाच्या केल्या. ते रान मेलं न्हाई रं, आजारी हाय. आजारी माणसाच्या उरावर कुणी फरशी घालतं का?" एकदा कोबा पडला की ते रान पुन्हा रान होणार नव्हतं. तिला तेवढं एकच टाळायचं होतं.

त्या वर्षी तिला गहू विकत घ्यावा लागला. मंचरला पारसमल यांचं धान्याचं दुकान होतं. त्यांचे आजोबा राजस्थानातल्या पालीकडून आलेले. पारसमल मात्र आमच्यासारखंच बोलायचे.

"काय ठकूबाई, शेतकऱ्याची बाई आणि गहू विकत?"

तिने मिठाचं सांगितलं. पारसमल हसले. "अहो, आमच्या मुलखात विहिरीचं पाणीच खारं. तोंडात धरवत नाही. त्याच पाण्यावर गहू येतो, पांढऱ्या फटक जमिनीत. खारचिया म्हणतात."

"खरं?"

"आईला विचारा."

त्यांची आई झमकूबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली होती. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर पदर. ती म्हणाली, "माझ्या बापाच्या शेतात होता. लाल असतो. उंच वाढतो, मग आडवा पडतो. पण मरत नाही."

पुढच्या वर्षी पारसमल एका लग्नाला गावी गेले आणि येताना पिशवीभर खारचिया घेऊन आले.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात ठकूकाकीने तो पेरला. शेजारी चार ओळी लोकवन पेरला. लोकवन तीन आठवड्यांत गेला. खारचिया वाढत राहिला. मिठाची पांढरी पापडी फोडून हिरवी पाती वर आलेली मी पाहिली. गुडघ्याला लागला, मग कमरेला. मी रोज संध्याकाळी बूथ बंद करून ते बघायला जात असे. एकाच मातीत एक मरतो आणि एक जगतो. बाहेरचं ऊन, पाणी, वारा दोघांना सारखंच होतं. जे वेगळं होतं ते दाण्याच्या आत होतं.

मार्चमध्ये वारा सुटला आणि सगळा गहू आडवा झाला. तरी दोन पोती निघाला. लालभडक, बारीक. ठकूकाकीने चपात्या केल्या. हौशीरामने एक तुकडा तोडायचा प्रयत्न केला.

"ठके, ही चपाती भाजलीस का चपलेचा तळ?"

बाजारातही त्याला कुणी हात लावला नाही. सावळाराम म्हणाला, "वहिनी, जो जगतो त्यो आपल्याला खाववंना. आपण खातो त्यो जगंना."

ती जीपची वाट बघत बाकावर बसली होती. पुस्तकाचं विचारलं नाही. म्हणाली, "बीए, टोमॅटोचं लगीन लावता येतं. गव्हाचं का न्हाई येणार?"

मी कविता आणि कादंबऱ्या शिकलो होतो.

दोन हजारच्या जानेवारीत तिने सुरुवात केली. लोकवन तिने चांगल्या जमिनीत, घरामागच्या वाफ्यात पेरला होता. तो आई. खारचिया बाप. पण गव्हाचं फूल टोमॅटोसारखं दिसतच नाही. कणसाच्या हिरव्या टरफलांत ते बंद असतं. तिने एक टरफल सुईने उघडलं. आत तीन पिवळे तंतू होते, तिळाहून लहान. आणि पराग आधीच सांडलेले.

"अगं बाई!" ती हसायला लागली. "हा तर दार लावून आतल्या आत लगीन उरकतो. वरात भाईर यायच्या आधी!"

मग ती रोज एकेक कणीस उघडत गेली. कुठल्या दिवशी तंतू हिरवे असतात, कुठल्या दिवशी पिवळे पडतात. कणीस पानाच्या बेचक्यातून वर डोकावतं, तेव्हाच ते गाठायचं, हे तिला पाचव्या दिवशी कळलं. तेव्हा ती कामाला बसली. वरची टरफलं कातरायची. प्रत्येक झुबक्यातली मधली फुलं काढून टाकायची, कडेची दोन ठेवायची. प्रत्येकातले तीन हिरवे तंतू चिमट्याने ओढायचे. तीनच. दोन निघाले आणि एक राहिला तर सगळं वाया. एका कणसाला पाऊण तास लागायचा. ती उन्हाकडे पाठ करून गोणपाटावर बसायची आणि श्वाससुद्धा जपून घ्यायची. मी खूप पुस्तकं वाचली होती. कणसासमोर असा बसलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

कणसांना टोप्या हव्या होत्या, परके पराग येऊ नयेत म्हणून. लग्नपत्रिकेत पातळ कागद असतो. मी गावभर फिरून जुन्या पत्रिका गोळा केल्या. तिने खळीने पिशव्या चिकटवल्या. मी त्यावर तारखा लिहिल्या. तीन दिवसांनी पिशवी काढली की आतली मादी पिसासारखी उमललेली दिसायची. मग खारचियाचं कणीस आणून तिच्यावर झटकायचं आणि पुन्हा पिशवी.

येणारे-जाणारे बांधावर थांबायचे. "ठकूबाई, कणसांना बाशिंग बांधलं का?"

"व्हय. जेवायला या."

तेवीस कणसांतून एक्केचाळीस दाणे मिळाले. सुरकुतलेले. आणि रंगाने लोकवनसारखेच. ती हिरमुसली. "जमलं न्हाई वाटतं. हे तर आईचंच."

तरीही तिने ते पुढच्या हंगामात चांगल्या मातीत लावले. सदतीस उगवले. फेब्रुवारीत मला बोलावणं आलं. मी गेलो. तिने बोट दाखवलं. सदतीस झाडं एका उंचीची. लोकवनपेक्षा वीतभर उंच. कणसं बापासारखी, आणि महिन्याभराने सुगीत दाणा निघाला तोही लाल.

"आई लोकवन, आन् पोरं समदी बापावर गेली," ती म्हणाली. दाणे तिच्या तळहातावर होते. "म्हंजे लगीन लागलं, बीए."

दाण्याचं वरचं कातडं आईचं होतं. आत बाप होता. वर्षभर तो आत गप्प बसला होता.

सावळारामला मात्र उंच आणि लाल गहूच दिसला. "पुन्हा त्योच की, वहिनी."

"थांबा, भाऊजी. कंपनीवाले काय सांगत्यात? आमचं बी दुसऱ्या वर्षी वापरू नका. का? तर त्याची फाटाफूट व्हती. एक झाड एका तऱ्हेचं, दुसरं दुसऱ्या. मला तीच फाटाफूट पायजे. आत काय काय लपलंय ते भाईर येऊ द्या."

जे शेतकरी टाळत होते तेच तिला हवं होतं. सावळाराम वाईट माणूस नव्हता. त्याने मुदत दिली. "दोन सुगी थांबतो. दोन हजार तीनच्या पाडव्याला नारळ फोडणार. तवर मिठाच्या रानात आपल्याला खाता येईल असा गहू उभा दिसला, तर पोल्ट्री दुसरीकडं. न्हाईतर कोबा."

"चालंल," ती म्हणाली.

त्या सदतीस झाडांचं बी अर्धा किलोही नव्हतं. दोन हजार एकच्या नोव्हेंबरात तिने ते मिठाच्या रानात सहा ओळींत पेरलं, एका बांधापासून समोरच्या बांधापर्यंत. आणि खरोखर फाटाफूट झाली. उंच, बुटके, कुसळांचे, बिनकुसळांचे, लवकर येणारे, रेंगाळणारे. सहा ओळींत जणू सगळं गाव उभं होतं. रानाच्या मधोमध मात्र बहुतेक मेले. तिथे मीठ सर्वांत जास्त. सत्तरेक रोपं कशीबशी टिकली. वीतभर उंची, बोटभर कणीस, त्यात सात-आठ दाणे. बांधाच्या कडेला पाणी झिरपून माती धुतलेली. तिथली झाडं भरदार होती. त्यांतली काही बुटकी, न लवलेली, दाणा टपोरा आणि पिवळसर.

तिने सगळे शेतकरी निवडतात तसं बियाणं निवडलं. कडेची टपोरी कणसं बाजूला काढली, दोन किलो बी भरलं, कडुलिंबाचा पाला घालून डब्यात ठेवलं. मधल्या रोपांचे बारके दाणे एक मूठभर निघाले.

नवं धान्य आलं की थोडा वानवळा द्यायचा असतो. ज्या घरून बी आलं त्या घरी तर आधी. टपोऱ्या दाण्यांतला एकही तिला मोडवेना. तिने ते मूठभर बारके दाणे फडक्यात बांधले आणि माझ्याबरोबर मंचरला धाडले. "झमकूबाईंना सांग, बारका हाय, राग मानू नका. पुढच्या साली चांगला देते." तिला खरोखर लाज वाटत होती.

दोन हजार दोनला पाऊस कमी झाला. कालव्याची पाळी लांबली, मीठ जास्तच वर आलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने दोन किलो टपोरं बी त्या रानात पेरलं. उगवण चांगली झाली. सावळारामने शेडचे लोखंडी अँगल आणून बांधावर रचून ठेवले होते. तोही येऊन बघून गेला.

तिसऱ्या आठवड्यात शेंडे जळायला लागले. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी गेलो तेव्हा बांधालगतचं हिरवं होतं. बाकी रान तपकिरी झालं होतं. ठकूकाकी मधोमध बसली होती. हातात एक वाळकं रोप.

मी शेजारी बसलो.

"बीए, मी लई येडी हाय," ती म्हणाली. "टपोरं बघितलं आन् भुलले. ती कडंची हुती. त्यांची मिठाशी गाठच पडली न्हाई कधी. ती गोड मातीत वाढली म्हणून टपोरी. आन् जी हितं जगली..." तिने समोरच्या जमिनीवर हात ठेवला. "ती बारकी दिसली, कारण ती लढत व्हती. ज्यांच्यात बापाचं खरं रगत व्हतं ती मी वानवळ्यात देऊन टाकली."

सुगीला नऊ महिने झाले होते. मूठभर गहू कोण नऊ महिने ठेवील?

आम्ही अकराच्या एसटीने मंचरला गेलो. पारसमल गल्ल्यावर होते. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"मूठभर होता ना? अरे, आई रोज सकाळी पारव्यांना दाणे घालते. असला सुटा गहू सगळा त्यात जातो. मीच सांगतो तिला, बारका आधी घाल म्हणून."

दुकानासमोरच्या पत्र्यावर पारवे घुमत होते. ठकूकाकी त्यांच्याकडे बघत राहिली. हमाल पोतं घेऊन आला, त्याला वाट देण्यासाठीसुद्धा ती हलली नाही.

आतून आवाज आला. "कोण आलं, पारस?"

"निरगुडसरच्या ठकूबाई. गेल्या सुगीला गहू पाठवलेला, तो आहे का विचारतात. मी म्हटलं, पारव्यांनी खाल्ला असेल."

"तुला विचारलंय का त्यांनी?" झमकूबाई म्हणाली. "आत ये ग, बाई."

आम्ही आत गेलो. ती आता फार वाकली होती. भिंतीचा आधार घेत उठली. देव्हाऱ्याजवळच्या फळीवर औषधांच्या बाटल्यांमागे एक स्टीलची डबी होती. ती तिने काढली, पण लगेच दिली नाही. छातीशी धरली.

"पारव्यांना घालायला घेतला होता मी. हातावर घेतला आणि बघितलं. बारीक, लाल, मधेच एखादा पिवळा. तोंड ओळखीचं वाटलं. चौदा वर्षांची होते, बापाचं शेत सोडून आले. माहेरचं कुणी राहिलं नाही तिकडे. हा पारव्यांना कसा घालू, सांग?" तिने झाकण उघडलं. एरंडेल तेल लावून ठेवलेले दाणे चकाकत होते. "अधूनमधून उघडून बघते. नातवंडं हसतात."

ठकूकाकी तिच्या पाया पडली. झमकूबाईने डबीतले पाच दाणे काढून पदराच्या टोकाला बांधले आणि डबी तिच्या हातात दिली.

"मरू देऊ नको," ती म्हणाली.

पेरणीला उशीर झाला होता. ठकूकाकीने दुसऱ्याच दिवशी रानाचा मधला भाग निवडला, जिथे मीठ सर्वांत जास्त होतं तिथेच. दाणे धुऊन घेतले, मग मोजले. पाचशे अठरा. वीत-वीत अंतरावर एकेक टोकला. सावळाराम बांधावरून म्हणाला, "वहिनी, जरा कडंला तरी लाव. हितं तर मिठागरच हाय."

"आता कडंचं नावच काढू नका, भाऊजी."

त्या हिवाळ्यात मी दर संध्याकाळी गेलो. काही उगवले नाहीत. काही जळाले. पण पानांची टोकं पिवळी पडून थांबायची आणि आतून नवं पान हिरवंगार यायचं. मी वहीत आकडा लिहायचो. जानेवारीअखेर तीनशे सव्वीस. फेब्रुवारीअखेर तीनशे अकरा. मार्चमध्ये तीनशे अकराच. आकडा थांबला होता. आता कुणी मरत नव्हतं. ती पांढरी पापडी, त्यात उभी ओंबी, खाली अनवाणी फिरणारी ठकूकाकी. माझ्याजवळ शब्दांखेरीज काही नव्हतं, आणि तेच कमी पडत होते.

पाडव्याच्या दिवशी सकाळी सावळाराम आला. एका हातात टिकाव, काखेत नारळ. नवा सदरा घातलेला. तो ओळींत शिरला आणि थांबला.

काही झाडं उंच होती, आडवी व्हायला आलेली. पण मधेमधे बुटकी होती, ताठ. ठकूकाकीने त्यांतल्या एकाची ओंबी खुडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. वीस-बावीस दाणे राहिले. टपोरे नव्हते. पिवळसर होते.

"तोंडात टाका."

सावळारामने दाणे चावले. आमच्याकडे गहू असाच पारखतात. बराच वेळ चावलं की त्याचा चिकट गोळा होतो. गोळा ताणला गेला तर चपाती मऊ. त्याने चावलं, जिभेवर फिरवलं, मग बोटांत धरून ताणलं. तो तुटला नाही.

"लोकवनाची सर न्हाई," तो म्हणाला.

"न्हाईच. निम्माबी उतारा यायचा न्हाई अजून. एकसारखा व्हायला आनखी चार-पाच सालं निवडाया लागंल. दरसाल मधनंच."

सावळारामने रानावरून नजर फिरवली. या बांधापासून त्या बांधापर्यंत पांढरं, आणि मधे ते तीनशे अकरा. तो खाली बसला. एका बुटक्या झाडाच्या बुडाशी बोट घातलं, माती उचलली आणि जिभेला लावली. थुंकला.

"ह्यात?" तो म्हणाला. "वहिनी, ह्यात कसं जगतंय हे?"

"मला न्हाई ठावं, भाऊजी. त्यालाच ठावं."

उचललेली माती त्याने झाडाच्या बुडाशी परत सारली. मग उठला, टिकाव खांद्यावर टाकला.

"मग माझी शेड कुठं घालू?"

"घरामागं, वरच्या गोड मातीत घाला," ती म्हणाली. "कोंबड्यांना मीठ सोसत न्हाई."

तो हसला नाही. सदऱ्याला लागलेली माती झटकली आणि झाडांना धक्का लागणार नाही असे पाय टाकत, ओळीतून बाहेर निघाला.